प्रकल्प नोंदी : निफाडच्या द्राक्ष पॅकहाऊसची इपॉक्सी जमीन आणि खालून येणारी ओल

जागा : निफाड तालुका. पॅकिंग हॉल १८ × २४ मीटर, म्हणजे ४३२ चौ. मी. त्यातला ६० चौ. मी. भाग क्रेट धुण्याचा. जमीन ट्रायमिक्स (ओतल्यावर व्हॅक्युमनं जादा पाणी खेचलेल्या) काँक्रीटची, वर २ मिमी सेल्फ-लेव्हलिंग इपॉक्सी. दोन पावसाळ्यांत तिला फोड आले. जानेवारीत द्राक्षांचा माल सुरू होतो, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापर्यंत हॉल मोकळा करून द्यायचा आहे.

६ ऑक्टोबर

फोडांचा नकाशा काढला. खडूने २ मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनातले फोड मोजले. पश्चिमेच्या भिंतीलगत आणि क्रेट धुण्याच्या जागेभोवती सर्वांत दाट, मधल्या पट्ट्यात तुरळक. आकार ५ मिमीपासून ४० मिमीपर्यंत. फोड रांगेत नाहीत, विखुरलेले आहेत. म्हणजे ते भेगांमधून आलेले नाहीत, सगळ्या पृष्ठभागातून उचललेले आहेत.

सहा फोड कापले. आत पिवळसर, बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागणारं पाणी (हातमोजे घालूनच कापावेत, हे पाणी कातडी जाळतं). पीएच पट्टी १२ च्या पुढे गेली. फोडाच्या पापुद्र्याला खालून प्रायमर (इपॉक्सीखालचा पहिला पातळ थर) चिकटलेला आहे आणि काँक्रीट उघडं आहे. सुटलंय ते प्रायमर आणि काँक्रीट यांच्यामधून.

अशा फोडांमागे नुसता वाफेचा दाब नसतो. काँक्रीटमधून वर येणारी ओल सोबत सोडियम-पोटॅशियमचे क्षार आणते आणि प्रायमरखाली ते साचतात. काँक्रीटचा वरचा दाट थर अर्धपारगम्य पडद्यासारखा वागतो. कमी क्षाराच्या बाजूचं पाणी त्यातून जास्त क्षाराकडे खेचलं जातं आणि तो थेंब वाढत जाऊन इपॉक्सी उचलतो. म्हणूनच फोड काम झाल्यावर लगेच न येता काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी येतात, आणि तोवर सगळ्यांना वाटत राहतं की काम उत्तम झालं.

जुन्या कामाच्या फाईलमध्ये दोन गोष्टी सापडल्या. स्लॅब ओतल्यावर सात आठवड्यांनी इपॉक्सी केली आहे. ओलीची चाचणी म्हणून प्लास्टिकची शीट १६ तास चिकटवून ठेवली, खाली पाणी दिसलं नाही, ‘कोरडं’ असा शेरा. ही चाचणी मार्चमधली आहे. निफाडच्या मार्चमध्ये कोरड्या हवेनं काँक्रीटचा वरचा पातळ थर सुकलेला असतो, आणि शीटखाली दव धरायला लागणारा तापमानाचा फरकही नसतो. शीटखाली पाणी दिसलं तर ओल आहे हे नक्की. दिसलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

८ ऑक्टोबर

तीन ठिकाणी आरपार कोअर (काँक्रीटचे गोल तुकडे) काढले. स्लॅबची जाडी १४५, १५० आणि १५५ मिमी. खाली १०० मिमी पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट), २३० मिमी दगडी सोलिंग (रचलेले दगड), त्याखाली मुरमाचा भराव आणि मग काळी माती. ओल अडवणारी प्लास्टिकची शीट कुठेही नाही.

सोलिंगच्या सांदी मुरमानं भरलेल्या आहेत. नुसते मोकळे दगड असते तर केशाकर्षण तिथे तुटलं असतं. बारीक मुरूम भरल्यानं काळ्या मातीपासून पीसीसीपर्यंत ओलीला सलग वाट मिळाली. कोअरची भोकं झाकून रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी मुरूम ओला, पण पाणी साचलेलं नाही. हे तपासणं फार गरजेचं होतं. भोकात पाणी उभं राहिलं असतं तर प्रश्न वाफेचा न राहता पाण्याच्या दाबाचा झाला असता, आणि वरून लावलेला कोणताही थर त्याला पुरा पडत नाही.

स्लॅबमधल्या मूळ पाण्याचाही हिशोब मांडला, कारण ‘सात आठवडे पुरेसे आहेत’ हा समज अजून सगळीकडे आहे. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ धरलं तर पाणी १७५ लिटर. सिमेंट रासायनिकरीत्या आपल्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी बांधून घेतं, म्हणजे ८० लिटर. उरले ९५ लिटर. १५० मिमी जाडीच्या एका चौरस मीटरमध्ये हे जवळपास १४ लिटर होतात. ट्रायमिक्समध्ये व्हॅक्युमनं थोडं पाणी निघतं, तेही मुख्यतः वरच्या भागातून. एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबला २५ मिमीमागे एक महिना हा ढोबळ नियम लावला तरी इथे सहा महिने हवे होते. आणि खाली शीट नसल्यानं या स्लॅबला सहा महिनेही पुरले नसते. जेवढी ओल वरून जाईल तेवढी खालून येत राहणार.

१० ऑक्टोबर

आतल्या कामाआधी बाहेरचं पाणी. छपराचे पश्चिमेचे चारही पाईप थेट जोत्याशी सुटतात. त्याच बाजूला द्राक्षबाग आहे आणि बागेचं ठिबक भिंतीपासून २ मीटरवर आहे. फोड पश्चिमेलाच दाट का, याचं उत्तर इथेच मिळालं.

ठरवलेली कामं : पाईप पुढे वाढवून ३ मीटर अंतरावरच्या गटारात सोडणं; भिंतीलगत १ मीटर रुंद काँक्रीट एप्रन, बाहेरच्या बाजूला १:४० उतार; ठिबकची पहिली ओळ बंद. यानं ओल थांबणार नाही, कमी होईल. पण ही कामं न करता वर महागडा थर लावणं म्हणजे नळ चालू ठेवून जमीन पुसणं.

१३ ते १७ ऑक्टोबर

जुनी इपॉक्सी काढली. मोठ्या ग्राइंडरला पीसीडी (कृत्रिम हिऱ्याचे) दात लावून दिवसाला ९० ते १०० चौ. मी. साधे डायमंड सेगमेंट वापरून पाहिले तर इपॉक्सी तापून मऊ होते आणि सेगमेंटवर थापली जाते. जिथे इपॉक्सी घट्ट बसलेली होती तिथूनही काढली. आज घट्ट आहे ती पुढच्या पावसाळ्यातही घट्ट राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि नवा थर जेवढा खालच्या थराला पकडून असतो तेवढाच टिकतो.

ॲसिडनं धुण्याची सूचना आली होती, ती नाकारली. ॲसिड धुवायला पाणी लागतं, म्हणजे जे काढायचंय तेच पुन्हा आत घालायचं. वर राहिलेले क्लोराईडचे क्षार पुढच्या फोडांचं बी ठरतात.

दिवाळीसाठी काम बंद. शटर लावून हॉल तसाच ठेवला.

२७ ऑक्टोबर

स्लॅबच्या आतली आर्द्रता मोजणारे प्रोब बसवले. पद्धत एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) एफ २१७०. पहिल्या १०० चौ. मी.ला तीन भोकं, पुढच्या प्रत्येक १०० चौ. मी.ला किमान एक; ४३२ चौ. मी.साठी सात. स्लॅब एकाच बाजूने सुकतो म्हणून भोकाची खोली जाडीच्या ४० टक्के, इथे ६० मिमी.

४० टक्केच का, हे साइटवर नेहमी विचारलं जातं. उघडा स्लॅब वर कोरडा आणि खाली ओला असतो. वर इपॉक्सी आली की बाष्प बाहेर जाणं थांबतं आणि आतली ओल वर-खाली समान पसरते. ती पसरल्यावर इपॉक्सीखाली जेवढी आर्द्रता होईल, जवळपास तेवढी आज ४० टक्के खोलीवर असते. पृष्ठभागावरचं मोजमाप आजचं असतं, भोकातलं मोजमाप इपॉक्सी झाल्यानंतरचं.

भोक कोरडंच पाडायचं, पाण्याचा थेंब नको. तारेच्या ब्रशने घासून व्हॅक्युमने धूळ पूर्ण काढायची. धूळ राहिली तर आकडा चुकतो. प्रोबची बाही (नळी) बसवून टोपण लावलं. २४ तास थांबायचं.

प्रोबची तपासणीही आज केली. बंद बरणीत साध्या मिठाचा लगदा : मीठ जास्त, पाणी इतकंच की मीठ ओलं राहील. त्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर होते. चार प्रोबनी ७४ ते ७६ दाखवलं. एकानं ६९ दाखवलं, तो बाजूला ठेवला. पाच मिनिटांची तयारी आणि रुपयाचं मीठ, तरी ही तपासणी फार कमी ठिकाणी होते.

२८ ऑक्टोबर

वाचन, पूर्वेकडून पश्चिमेकडे : ८८, ९१, ९३, ९४, ९६, ९७, ९८ टक्के. बहुतेक इपॉक्सी जमिनींसाठी ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. इथे एकही भोक त्या मर्यादेत नाही.

३१ ऑक्टोबर

कॅल्शियम क्लोराईडची चाचणीही लावली होती, ग्राहकाच्या सल्लागारानं मागितली म्हणून. ओल शोषणाऱ्या या क्षाराची डबी वजन करून जमिनीवर बंद घुमटाखाली ६६ तास. पश्चिमेच्या घुमटाखालचं क्षेत्र ०.०४३ चौ. मी., वजन २.९ ग्रॅम वाढलं. म्हणजे २४ तासांत चौरस मीटरला २४.५ ग्रॅम; या चाचणीच्या रूढ भाषेत हजार चौ. फुटांना ५ पौंड. नेहमीची मर्यादा ३ पौंड.

मधल्या पट्ट्यातल्या दोन डब्यांनी मात्र २.६ पौंड दाखवलं. या आकड्यावर काम सुरू केलं असतं तर नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं. पण तिथल्याच भोकात ९४ टक्के आहे. ग्राइंडिंगनंतर दोन आठवडे उघडं राहिलेलं काँक्रीट वरचे काही मिलिमीटर सुकलं आणि डबीला तेवढंच दिसतं. या जागेवरचा निर्णय भोकांच्या आकड्यांवरच घ्यायचा, असं सल्लागारांना लेखी कळवलं.

३ नोव्हेंबर

पर्याय पाहिले.

सुकवत बसणं बाद, कारण खाली शीट नाही. डेन्सिफायर, म्हणजे सिलिकेटचं पाणी, हेही बाद : ते काँक्रीट कडक करतं, बाष्प अडवत नाही आणि वर राहिलं तर इपॉक्सीची पकड बिघडवतं. इपॉक्सी-सिमेंटचा २ ते ३ मिमी थर नव्या, ओल्या स्लॅबवर लवकर काम करायला चांगला असतो. त्याला तात्पुरता अडसर म्हणावं. खालून कायम ओल येणाऱ्या जागी आम्ही त्याच्यावर भिस्त ठेवत नाही.

ठरलं ते असं. हॉलच्या ३७२ चौ. मी.वर १०० टक्के सॉलिड (द्रावक नसलेली) बाष्परोधक इपॉक्सी दोन हातांत, एकूण ५०० मायक्रॉन, त्यावर २ मिमी सेल्फ-लेव्हलिंग. क्रेट धुण्याच्या ६० चौ. मी.वर ६ मिमी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट. ते ओल सोसतं, थोडं बाष्प जाऊ देतं आणि गरम पाण्यानं उचलत नाही.

बाष्परोधक इपॉक्सी घेताना पारगम्यतेचा आकडा एएसटीएम एफ ३०१० नुसार ०.१ पर्मच्या (बाष्प किती आरपार जातं याचं एकक) आत असल्याचं पत्रक मागवलं. ‘ओल्या पृष्ठभागावर चालतं’ असं डब्यावर छापलेलं असणं वेगळं. त्याचा अर्थ एवढाच की ते ओल्यावर चिकटतं. ते बाष्प अडवतं असा नाही.

माल : ५०० मायक्रॉन म्हणजे चौरस मीटरला ०.५ लिटर, घनता १.१ धरून ०.५५ किलो. खडबडीत पृष्ठभागाच्या खाचा आणि नासाडी मिळून ०.१५ किलो. एकूण ०.७ किलो, पहिल्या हाताला ०.४ आणि दुसऱ्याला ०.३. ३७२ चौ. मी.ला २६० किलो. २० किलोचे १४ सेट (रेझिन आणि हार्डनर) मागवले.

५ ते ७ नोव्हेंबर

शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादी गोळ्या मारून पृष्ठभाग खडबडीत करणं. आयसीआरआय (काँक्रीट दुरुस्तीची संस्था) च्या नमुना तुकड्यांशी ताडून सीएसपी (खडबडीतपणाची श्रेणी) ३ ते ४. ट्रायमिक्सवर फ्लोअर हार्डनर घोटलेला असल्यानं पहिली फेरी कमी पडली, ८० चौ. मी. पुन्हा केलं. चाचणी सोपी : पाण्याचा एक थेंब टाकायचा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर वरचा दाट थर किंवा क्युरिंग कंपाऊंड (ताजं काँक्रीट सुकू नये म्हणून मारलेला थर) शिल्लक आहे. कडेला हात-ग्राइंडर.

१० नोव्हेंबर

स्थिर भेगा ६ × ६ मिमी कापून इपॉक्सी भरली. करवतीचे सांधे भरले नाहीत; ते हलतात. पण ओलीला सगळ्यांत मोकळी वाट सांध्यातूनच असते, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजू ब्रशने बाष्परोधक इपॉक्सी लावून बंद करायच्या आणि वर शेवटी पीयू सीलंट, असा क्रम ठरवला.

सर्वांत ओल्या भोकाशेजारी ४ चौ. मी. नमुना लावला.

१८ नोव्हेंबर

नमुन्यावर ओढून तोडण्याची चाचणी, ५० मिमीच्या तीन डॉली (थरावर चिकटवून ओढायच्या धातूच्या चकत्या). भोवती काँक्रीटपर्यंत गोल काप घेतला. तो न घेतल्यास आजूबाजूचा थर ओढला जाऊन आकडा फुगतो. १.८, २.१, २.४ मेगापास्कल. तिन्ही ठिकाणी तुटलं ते काँक्रीट. किमान १.५ हवं होतं. आकड्याइतकंच महत्त्व कुठे तुटलं याला आहे : २ मेगापास्कलला प्रायमरखालून स्वच्छ सुटलं असतं तर नमुना नापास धरला असता.

२० नोव्हेंबर

थंडी पडली. निफाडची थंडी अनेकदा राज्यात सर्वांत कडक असते आणि इपॉक्सीला ती दोन बाजूंनी नडते. दिवसभर हवा, आर्द्रता आणि स्लॅबचं तापमान नोंदवलं. त्यावरून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं ते, आणि स्लॅबशी त्याचा फरक काढला.

सकाळी ६ : हवा ९ अंश, आर्द्रता ९३ टक्के, दवबिंदू ७.९, स्लॅब १४.५. फरक ६.६ अंश, काम चालेल.
सकाळी ९.३०, शटर उघडल्यावर : हवा १९, आर्द्रता ६६, दवबिंदू १२.५, शटरजवळ स्लॅब १४. फरक १.५. काम बंद.
दुपारी २ : हवा २७, आर्द्रता ४८, दवबिंदू १५, स्लॅब २४. फरक ९.
रात्री ९ : हवा १७, आर्द्रता ८०, दवबिंदू १३.५, स्लॅब २१. फरक ७.५.

नियम असा की स्लॅब दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. पहाटेची वेळ सगळ्यांना धोक्याची वाटते, पण बंद हॉलमध्ये ती तशी नसते. धोका ९ ते ११ मध्ये : बाहेर ऊन पडतं, बागेवरचं दव उडून हवा दमट होते, शटर उघडतं आणि ती हवा रात्रभर गार झालेल्या स्लॅबवर येते. डोळ्याला न दिसणारं दव बसतं आणि त्यावर रोलर फिरला की पकड गेली.

दुसरी बाजू हवेच्या बुडबुड्यांची. स्लॅब तापत असताना छिद्रांतली हवा फुगून ओल्या थरातून बाहेर येते आणि सुईएवढी भोकं पाडते. त्यामुळे थर लावायचा तो स्लॅब गार होऊ लागल्यावर. दोन्ही अटी पाळणारी वेळ इथे दुपारी ३ ते संध्याकाळी ७. वेळापत्रक त्यानुसार बदललं.

२१ नोव्हेंबर

पहिला हात. दुपारी ३.१० ला सुरू, ६.४० ला संपला. माल सकाळपासून २५ अंशाच्या खोलीत ठेवला होता. गार रेझिन घट्ट होतं, पसरत नाही.

खडबडीत काँक्रीटवर ओल्या थराची कंगवा-पट्टी खोटं सांगते, कारण तिचे दात उंचवट्यांवर टेकतात. म्हणून मालावरून माप : ०.४ किलो प्रमाणे २० किलोचा सेट ५० चौ. मी.ला. जमिनीवर ५० चौ. मी.चे चौकोन आखले, एका चौकोनात एक सेट, तो तिथेच संपला पाहिजे. तिसऱ्या चौकोनात ४ किलो उरले; तिथे थर पातळ झाला होता. उरलेला माल लगेच त्याच चौकोनात फिरवला.

मिश्रण पूर्ण सेटचंच, अर्धा सेट कधी नाही. ३०० ते ४०० फेऱ्यांवर ३ मिनिटं, मग दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा १ मिनिट. बादलीच्या कडेला राहिलेला न मिसळलेला माल जमिनीवर आला की तिथे कायमचा चिकट डाग राहतो. मिसळल्यावर लगेच जमिनीवर ओतायचं. बादलीत ठेवलं तर तापून पंचवीस मिनिटांत घट्ट होतं. स्क्वीजीने पसरून रोलर उभा-आडवा.

२२ नोव्हेंबर

सकाळी बॅटरी जमिनीशी आडवी धरून सुई-भोकं शोधली. ६१ सापडली, त्यातली ४४ पश्चिमेच्या दोन चौकोनांत, जिथे काम सर्वांत आधी झालं आणि स्लॅब अजून गार व्हायला लागला नव्हता. सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेली इपॉक्सी पात्याने प्रत्येकात दाबली. आजपासून सुरुवात ३.३० ला.

२३ नोव्हेंबर

दुसरा हात काल संध्याकाळी ७ पर्यंत, पहिल्यानंतर २४ तासांच्या आसपास, पत्रकातल्या मुदतीत झाला. ०.३ किलो प्रमाणे. त्यावर ०.३ ते ०.६ मिमीची भाजलेली सिलिका वाळू, चौरस मीटरला ०.८ किलो, हलकी शिंपडली. पहिल्या हातात वाळू टाकली नाही. कण ओल्या थरातून काँक्रीटपर्यंत पोचतो आणि बाष्पाला वाट करून देतो. आज पुन्हा बॅटरी फिरवली. ३ भोकं, बुजवली.

२६ ते २८ नोव्हेंबर

सुटी वाळू झाडून २ मिमी सेल्फ-लेव्हलिंग : चौरस मीटरला ३ किलो, एकूण १,११६ किलो. दात्यांची ट्रॉवेल, दहा मिनिटांच्या आत काट्यांचा रोलर. उशीर झाला तर काट्यांचे ठसे राहतात.

धुण्याच्या जागेत पीयू काँक्रीट, १२ किलो प्रमाणे ७२० किलो. कडांना आणि नाल्याच्या तोंडाशी १२ × १२ मिमीची खाच, म्हणजे थराच्या दुप्पट. ती नसेल तर आकुंचनानं कड उचलते. भिंतीला १०० मिमी कोविंग (भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यातली गोलाई).

४ डिसेंबर

सांध्यांत पीयू सीलंट. बाहेरचं एप्रन आणि गटार पूर्ण. ठिबकच्या पहिल्या ओळीचा व्हॉल्व्ह काढून टाकला.

१२ डिसेंबर

पूर्ण जमिनीवर पाच डॉली : १.७ ते २.५ मेगापास्कल, सगळीकडे काँक्रीट तुटलं. डॉलीच्या जागा दुरुस्त केल्या.

तीन भोकं कायम ठेवली आहेत, पितळी टोपण जमिनीच्या पातळीत आणि बाहीची कड इपॉक्सीनं बंद. आजचं वाचन ९३, ९६, ९८. हे आकडे आता वाढतील किंवा तसेच राहतील, कमी होणार नाहीत, हे पॅकहाऊसच्या व्यवस्थापकांना समजावून वहीत लिहून दिलं. पुढची वाचनं जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरअखेर. त्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीपासून ४ मीटरच्या पट्ट्यात अंधार करून बॅटरी आडवी धरून जमीन पाहायची. नाण्याएवढाही उंचवटा दिसला तर त्याचा फोटो, जागा आणि तारीख वहीत नोंदवायची. तो कापायचा नाही, आधी कळवायचं.

शेजारी नव्या शेडचा पाया सुरू आहे. तिथे सोलिंगच्या सांदी मुरमाऐवजी खडीनं भरायच्या, पीसीसीवर किमान २५० मायक्रॉनची शीट, एका शीटवर दुसरीचा १५० मिमी चढ आणि टेपने बंद सांधे. सळई बांधताना शीट फाटते. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक फाटलेली जागा चिकटवून तिचा फोटो या वहीत लावायचा.